पंचांचा निर्णय आणि महाविद्यालयाची जबाबदारी : अमेरिकन महाविद्यालयीन क्रीडा आचारनियमांची चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांच्या बहुतेक परिपत्रकांच्या शेवटी 'पंचांचा निर्णय अंतिम राहील' हे वाक्य असते. कबड्डी असो, खो-खो असो वा क्रिकेट, या वाक्यावाचून स्पर्धा सुरळीत पार पडणे कठीण आहे. वाद मैदानावरच मिटावा हा त्यामागील हेतू योग्यच होय. परंतु पंचांचा निर्णय चुकीचा होता हे सामना संपल्यावर निर्विवादपणे सिद्ध झाले, तर ज्या संघाला त्या चुकीचा लाभ झाला त्याचे कर्तव्य कोणते? पंचांपुरता विषय संपतो. महाविद्यालयापुरताही तो संपतो काय? 'खिलाडूवृत्ती' या शब्दाचा खरा कस या प्रश्नापाशी लागतो.

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांत आचारनियमांची लिखित परंपरा दीर्घ आहे. शिवाय हा प्रश्न तेथे एकाच प्रकारच्या चुकीतून, ५० वर्षांच्या अंतराने, दोनदा उभा राहिला. त्यामुळे त्या नियमांची चिकित्सा अन्यत्रही उद्बोधक ठरते.

आचारनियमांचे स्वरूप

अमेरिकन महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेची स्थापना १९०६ मध्ये झाली. सध्याचे नाव तिने १९१० मध्ये धारण केले. फुटबॉलमधील मृत्यू व गंभीर दुखापतींमुळे निर्माण झालेली चिंता तिच्या जन्मास कारणीभूत होती. म्हणजेच नियमनाचा आरंभ खेळाडूच्या शरीररक्षणातून झाला. वर्तनाचा विचार पुढे विस्तारत गेला. संघटनेच्या घटनेत खिलाडूवृत्तीचे तत्त्व सांगताना आदर, न्याय्यता, सभ्यता, प्रामाणिकपणा आणि जबाबदारी ही मूल्ये नमूद करण्यात आली.

तत्त्व असे भावात्मक असले तरी त्याची अंमलबजावणी मात्र निषेधात्मक आहे. फुटबॉलमध्ये अखिलाडू वर्तनासाठी १५ यार्डांचा दंड होतो. एकाच सामन्यात असे वर्तन दोनदा घडल्यास खेळाडूला बाहेर काढले जाते. गोलरेषा ओलांडण्यापूर्वी प्रतिस्पर्ध्याला खिजवल्यास टचडाऊनच रद्द होतो, अशी तरतूद २०११ पासून आहे. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी मिशिगन विद्यापीठाने ओहायो स्टेटला १३-१० असे हरवून त्यांच्याच मैदानावर ध्वज रोवण्याचा प्रयत्न केला. त्यातून हाणामारी झाली व पोलिसांना मिरपुडीचा फवारा वापरावा लागला. बिग टेन परिषदेने दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी एक लाख डॉलरचा दंड केला.

या तरतुदी आवश्यक आहेत, यात शंका नाही. तथापि त्या सर्व 'काय करू नये' एवढेच सांगतात. प्रामाणिकपणा हे मूल्य घटनेत आहे. पण चुकून मिळालेल्या विजयाचे काय करावे, याविषयी दंडसंहिता मौन बाळगते. हे मौन किती अर्थपूर्ण आहे, ते पुढील दोन सामन्यांवरून दिसून येते.

दोन 'पाचवे डाऊन'

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू दहा यार्ड पुढे नेण्यासाठी संघाला चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाला 'डाऊन' म्हणतात. चौथा प्रयत्न फसला की चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. पाचवा प्रयत्न नियमात नाही.

१६ नोव्हेंबर १९४० रोजी हॅनोव्हर येथे कॉर्नेल व डार्टमथ यांचा सामना झाला. कॉर्नेलचा संघ त्या मोसमात अपराजित होता. अखेरच्या क्षणांत डार्टमथ ३-० असा पुढे असताना कॉर्नेलचा चौथा प्रयत्न वाया गेला. मात्र मुख्य पंच रेड फ्रीझेल यांच्या मोजणीत चूक झाली आणि कॉर्नेलला आणखी एक संधी मिळाली. त्या पाचव्या प्रयत्नात टचडाऊन झाला व कॉर्नेल ७-३ असा विजयी ठरला. पुढे चित्रफितीवरून चूक स्पष्ट झाली व फ्रीझेल यांनी ती मान्य केली. परंतु झालेला निकाल बदलण्याचा अधिकार नियमाने कोणालाच दिलेला नव्हता. तेव्हा कॉर्नेलने डार्टमथला तार करून विजयावरील आपला हक्क सोडला, आणि डार्टमथने ३-० हा निकाल स्वीकारला. पुढच्याच आठवड्यात कॉर्नेल पेनसिल्व्हेनियाकडूनही पराभूत झाला.

६ ऑक्टोबर १९९० रोजी कोलंबिया येथे कोलोरॅडो व मिसुरी यांच्या सामन्यात हीच चूक घडली. डाऊन दर्शविणारा फलक एकदा बदलायचा राहिला. मिसुरी ३१-२७ असा पुढे होता. कोलोरॅडोने वस्तुतः पाचव्या प्रयत्नात गोलरेषा गाठून सामना ३३-३१ असा जिंकला. बिग एट परिषदेने पंचांच्या चमूला निलंबित केले, पण निकाल कायम ठेवला. प्रशिक्षक बिल मॅकार्टनी यांनी विजय सोडण्यास नकार दिला. मैदानाचा पृष्ठभाग खेळण्यायोग्य नव्हता, असा त्यांचा प्रतिवाद होता. मोसमाच्या शेवटी असोसिएटेड प्रेसच्या मतदानात कोलोरॅडो राष्ट्रीय विजेता ठरला, तर प्रशिक्षकांच्या मतदानात तो मान जॉर्जिया टेकला मिळाला. पुढील काळात मॅकार्टनी यांनी या प्रकरणाबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली.

या दोन घटनांची तुलना करताना कॉर्नेलला सज्जन व कोलोरॅडोला अप्रामाणिक ठरवण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. कोलोरॅडोने फसवणूक केली नव्हती. प्रत्यक्षातील चौथ्या प्रयत्नात त्यांच्या खेळाडूने घड्याळ थांबवण्यासाठी चेंडू मुद्दाम जमिनीवर आपटला, कारण फलकावर तो तिसरा प्रयत्न होता. फलक बरोबर असता तर संघाने तो प्रयत्न असा वाया घालवला नसता. म्हणजे चुकीच्या फलकाने मिसुरीचे नुकसान केले, तसेच कोलोरॅडोचीही दिशाभूल केली. शिवाय विजय सोडावा, असे कोणताही नियम सांगत नव्हता.

हा बचाव सामन्यापुरता ग्राह्य आहे. सामन्यानंतरच्या दिवसांना तो लागू पडत नाही. मैदानावर खेळाडू फलकाला बांधील असतो. परंतु चूक सिद्ध झाल्यावर निर्णय खेळाडूच्या हाती न राहता संस्थेच्या हाती जातो. मैदान निसरडे होते, ही तक्रार खरी मानली तरी ती वेगळ्या अन्यायाविषयी आहे. पाचव्या प्रयत्नाचे समर्थन तिच्यातून निघत नाही. कॉर्नेलचे मोठेपण खेळाडूंच्या वर्तनात शोधण्यापेक्षा, 'नियम आम्हांस बांधत नाही' येथे न थांबता 'मग आम्ही काय करावे' असे विचारणाऱ्या संस्थेत शोधले पाहिजे.

एलेन्सबर्गचा धडा

तिसरी घटना सॉफ्टबॉलमधील आहे. २६ एप्रिल २००८ रोजी वॉशिंग्टन राज्यातील एलेन्सबर्ग येथे वेस्टर्न ओरेगनच्या सारा टुचोल्स्की हिने कारकिर्दीत प्रथमच चेंडू कुंपणापार टोलावला. पहिल्या बेसला पाय न लागल्याने परत वळताना तिचा गुडघा दुखावला व ती जागीच कोसळली. सहकाऱ्यांनी तिला स्पर्श केल्यास ती बाद ठरेल आणि बदली धावपटू आणल्यास होमरन नोंदला जाणार नाही, असे पंचांनी सांगितले. तेव्हा प्रतिस्पर्धी सेंट्रल वॉशिंग्टनच्या मॅलरी होल्टमन आणि लिझ वॉलेस यांनी तिला उचलून प्रत्येक बेसपाशी नेले व तिचा पाय टेकवला. सेंट्रल वॉशिंग्टनने तो सामना ४-२ असा गमावला.

ही कृती सर्वत्र गौरवली गेली, आणि ते उचितच होते. तथापि गौरवाच्या भरात एक बाब दुर्लक्षित राहते. पंचांनी नियमाचा लावलेला अर्थ चुकीचा होता. अशा दुखापतीच्या प्रसंगी बदली धावपटूने उरलेले बेस पूर्ण करण्यास नियमाची मुभा होती. म्हणजे त्या दोन खेळाडूंनी भरून काढलेली उणीव नियमात नव्हती. ती नियमाच्या ज्ञानात होती. खिलाडूवृत्तीची कथा सांगताना नियमाच्या अभ्यासातील ढिलाई झाकली जाऊ नये. विद्यार्थ्यांच्या औदार्यावर विसंबून राहण्याचा अधिकार पंचांना व संस्थांना नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, आचारनियम दुर्वर्तन रोखू शकतात. पण सद्वर्तन घडवू शकत नाहीत. दंडाने ध्वज रोवणे थांबेल; दंडाच्या भीतीने कोणी तार पाठवणार नाही. दुसरी, नियम सद्वर्तन घडवू शकत नसला तरी त्याला वाट मोकळी ठेवू शकतो. १९४० मध्ये कॉर्नेलला ती वाट स्वतः शोधावी लागली. सिद्ध झालेल्या चुकीनंतर लाभार्थी संस्थेला ठरावीक मुदतीत निकालावरील हक्क सोडता येईल आणि तो कोणी सोडावा, याची तरतूद आचारसंहितेत असणे गरजेचे आहे. तिसरी, ही जबाबदारी वीस वर्षांच्या खेळाडूवर टाकता येणार नाही. ती प्राचार्य, शारीरिक शिक्षण संचालक आणि प्रशिक्षक यांची आहे.

महाराष्ट्रातील आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांनाही हे लागू आहे. 'पंचांचा निर्णय अंतिम राहील' हे वाक्य परिपत्रकात राहिलेच पाहिजे. मात्र ते पंचांच्या अधिकाराविषयीचे वाक्य आहे, संघाच्या सदसद्विवेकाविषयीचे नव्हे. पंचाने कोणाला विजयी घोषित केले ते गुणपत्रक सांगते. तो विजय आपला मानायचा की नाही, हे मात्र महाविद्यालयाने ठरवायचे असते. आणि ते ठरवताना विद्यार्थी आपल्या संस्थेकडे पाहत असतात.