भाषाभीती, गुण आणि मापनश्रेणी : वऱ्हाडी विद्यार्थ्यांच्या संदर्भात एक चिकित्सा

भाषा शिकताना वाटणारी भीती आणि परीक्षेतील गुण यांचा परस्परसंबंध हा भाषाशिक्षणातील महत्त्वाचा अभ्यासविषय होय. हॉर्विट्झ, हॉर्विट्झ व कोप यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेली ३३ विधानांची मापनश्रेणी यासाठी सर्रास वापरली जाते. टेक्सास विद्यापीठातील प्रारंभिक स्पॅनिश वर्गांत ती प्रथम वापरण्यात आली. भीती अधिक तेथे गुण कमी, असा ऋण सहसंबंध पुढील अनेक अभ्यासांत आढळला. मात्र सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. कच्चे भाषिक कौशल्य हे मूळ कारण आणि भीती हा त्याचा परिणाम असू शकतो, हा आक्षेप स्पार्क्स व गॅन्शो यांनी १९९१ मध्येच नोंदविला.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. ही श्रेणी परकीय भाषेच्या वर्गासाठी रचलेली आहे. फिलिपिन्समध्ये १९८७ च्या राज्यघटनेने फिलिपिनो ही राष्ट्रभाषा ठरविली. तिचा पाया टागालोग हा आहे. घरी सेबुआनो बोलणाऱ्या विद्यार्थ्यास ती परकीय नाही आणि घरचीही नाही. वाशीम जिल्ह्यातील जऊळका परिसरात मराठी विषय शिकणाऱ्या वऱ्हाडीभाषक विद्यार्थ्याची स्थितीही याच्याशी मिळतीजुळती आहे. त्याच्या घरी 'मला'चे 'मले' आणि 'शाळा'चे 'शाया' होते. घरी गोरमाटी बोलणाऱ्या बंजारा विद्यार्थ्याचे अंतर तर आणखी मोठे.

शिक्षक प्रत्येक चूक दुरुस्त करतील अशी भीती वाटते, या आशयाचे एक विधान श्रेणीत आहे. स्पॅनिश शिकणाऱ्याची चूक ही नव्या भाषेतील चूक असते. वऱ्हाडी विद्यार्थ्याची 'चूक' ही त्याच्या आईची बोली असते. दोघांनी एकच उत्तर नोंदविले तरी त्याचा अर्थ एक राहत नाही. शिवाय उत्तरपत्रिकेत बोलीरूपांसाठी गुण कापले जात असतील, तर बोली व प्रमाणभाषा यांतील अंतर भीतीही वाढविते आणि गुणही घटविते. अशा वेळी भीतीमुळे गुण घटले, हा निष्कर्ष टिकत नाही.

प्रमाण मराठीवर प्रभुत्व आवश्यकच आहे. उच्च शिक्षण व स्पर्धा परीक्षा तिच्याविना साधत नाहीत. परंतु 'लीळाचरित्र' या आद्य गद्यग्रंथाची परंपरा ज्या वऱ्हाडातील रिद्धपूरशी निगडित आहे, तेथील बोलीस 'अशुद्ध' म्हणणे हे अध्यापन नव्हे. संशोधकाने विद्यार्थ्याची घरची भाषा प्रथम नोंदवावी आणि आशयाचे व भाषारूपाचे गुण स्वतंत्रपणे तपासावेत. त्याशिवाय मिळणारा सहसंबंध विद्यार्थ्याच्या मनाविषयी कमी आणि मूल्यमापनाच्या पद्धतीविषयी अधिक सांगतो.