तंबोऱ्यातला गंधार आणि तीन व्हॉल्व्ह

किशोरीताईंचा भूप लावला की पहिली पाच मिनिटं मी त्यांचा आवाज ऐकतच नाही. त्यांच्या चाहत्यांना हा आगाऊपणा वाटेल, पण प्रीअँपमधला व्हॉल्व्ह नुकताच बदललेला असला की माझे कान मागे, तंबोऱ्याकडे लागलेले असतात. दोन स्वरवाक्यांच्या मध्ये ताई थांबतात आणि तिथे खर्जाच्या तारेतून गंधार उमटतो. कुणी न छेडलेला, स्वयंभू. खर्जाच्या पाचपट कंपनांचा हा स्वर. भूपात मध्यम-निषाद वर्ज्य आणि गंधार वादी, म्हणजे रागाचा मुख्य स्वर तंबोरा आपणहून पुरवत असतो. तो किती वेळ टिकतो आणि कशात विरतो, यावरून मी व्हॉल्व्ह जोखतो.

वस्तू अंगठ्याएवढी. काचेची नळी, तळाला नऊ पिना, नाव ईसीसी८३. अमेरिकेत हिलाच १२एएक्स७ म्हणतात. आत तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात, प्लेटकडे धावतात आणि मधली तारेची जाळी त्यांना कमीजास्त अडवते. जाळीवरची बारीकशी हालचाल प्लेटवर मोठी होऊन उमटते. या व्हॉल्व्हचा गुणक १००. तबकडीवरच्या सुईकडून येतात जेमतेम पाच मिलिव्होल्ट. पहिल्या व्हॉल्व्हने त्यात स्वतःची जी खरखर मिसळली, ती पुढचे सगळे टप्पे इमानेइतबारे वाढवत नेतात. म्हणून मी फक्त पहिल्या जागेचा व्हॉल्व्ह बदलतो. सगळे एकदम बदलले तर कोणी काय केलं, हे कळायला मार्ग उरत नाही.

मुलार्ड बसवला, ब्लॅकबर्नच्या कारखान्यातला. गंधार गोल झाला. मिरजेचा कारागीर ज्याला बंद जवारी म्हणेल, तसा. तारेखालचा दोरा केसभर सरकवावा आणि झणकार आत ओढला जावा, तसं काहीसं. ताईंचा मंद्रातला आवाज भरीव लागतो, पण स्वरमंडळाच्या तारा एकमेकींना चिकटतात. तासभर ऐकायला फार सुखाचं. अभ्यासाला बसायचं असेल तर मात्र हे सुख आड येतं.

टेलिफुंकनच्या तळाच्या काचेत, पिनांच्या मध्ये, चौकटीची खूण असते. वरचं छापील नाव कुणीही उठवू शकतो, अंगठा फिरवला तरी पुसतं. काचेतली खूण त्या मानाने भरवशाची. याची जवारी खुली. स्वरमंडळाची प्रत्येक तार सुटी ऐकू येते आणि गंधार पुढच्या षड्जाखाली जाईपर्यंत दिसत राहतो. दिसत राहतो असंच म्हणावंसं वाटतं.

तिसरा आजच्या कारखान्यातला, नवा कोरा. जोरकस. झिलईही आहे, पण ती दहा मिनिटांत डोक्याला लागते. याच खोक्यातल्या दुसऱ्या एका नगावर पेन्सिलीने टिचकी मारली तर स्पीकरमधून घंटेसारखी टण्ण वाजली. तो बाजूला ठेवला.

व्हॉल्व्हचं स्खलनही सुरेल असतं, असं आम्ही शौकीन मंडळी सांगत असतो, आणि त्यात तथ्य आहे. त्याने घातलेली भर मुख्यतः दुपटीच्या कंपनांची, म्हणजे षड्जात तार षड्ज. ती कानाला खुपत नाही. पण मंडलात ऋण प्रतिभरण, म्हणजे निगेटिव्ह फीडबॅक, जास्त असेल तर व्हॉल्व्हला स्वतःचं बोलायला वावच राहत नाही, आणि तरीही तिथे लोक महागडे जुने नग बसवून फरक ऐकतात. मीही ऐकला आहे.

खरी अडचण कानाच्या स्मरणाची. प्रीअँप बंद करा, आतला विद्युतदाब उतरू द्या, व्हॉल्व्ह निवू द्या, डुलवत डुलवत सरळ उपसा, दुसरा बसवा, वीस मिनिटं तापू द्या. तोवर आधीचा गंधार कानात कुठे शिल्लक असतो? असते ती आपणच त्याला दिलेली विशेषणं.

म्हणून मुलीला बसवलं. व्हॉल्व्ह तिने बदलायचे, मी भिंतीकडे तोंड करून ओळखायचे. पहिल्याच फेरीला मी ठामपणे मुलार्ड म्हणालो, निघाला नवा. मल्टिमीटर लावल्यावर उमगलं की तो बाकीच्यांहून किंचित मोठा वाजत होता, आणि मोठं ते भरीव वाटतंच. मग चाचणीच्या तबकडीवरच्या १००० हर्ट्‌झच्या स्वरावर तिघांची पातळी जुळवली. नवा आणि मुलार्ड यांतलं अंतर बरंच मिटलं. माझी निम्मी विशेषणं तिथेच गेली. टेलिफुंकन मात्र चारपैकी तीनदा ओळखला, प्रत्येक वेळी त्या विरत जाणाऱ्या गंधारावरून. चौथ्या खेपेला ताईंनी पंचमावरून गंधारावर मींड घेतली आणि मी तंबोरा ऐकायचाच विसरलो.