सेझिनकोट : दर्शनी हिंदुस्थान

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यातल्या सेझिनकोट या हवेलीला ‘इंग्लंडमधले हिंदुस्थानी घर’ म्हणण्याचा प्रघात आहे. मला तो पटत नाही. घुमट, कोपऱ्यांवरच्या छत्र्या, रुंद छज्जे, मोरपिसाऱ्यासारख्या कमानी, हे सगळे बाहेर. दार ओलांडले की खोल्या ग्रीक-रोमन वळणाच्या. त्या काळच्या कोणत्याही श्रीमंत इंग्रजाच्या शोभाव्यात अशा.

याचे कारण घर कशावरून बांधले यात आहे. वास्तुविशारद सॅम्युअल पेपीस कॉकरेल हिंदुस्थानात कधी आला नव्हता. त्याच्यापुढे होती टॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांची छापील चित्रे, आणि सल्ल्याला खुद्द टॉमस. चित्रात इमारत समोरून दिसते. दुपारी सावली कुठे सरकते, माणसे कुठे बसतात, हे चित्र सांगत नाही. आपल्याकडे छज्जा उन्हापावसाचा उपाय असतो. इथल्या मवाळ उन्हात तो उगाच ताणलेल्या भुवईसारखा वाटतो. बागेत सूर्याचे देऊळ आहे. नंदीही आहेत, पण पुलाच्या कठड्यावर. पिंडीकडे नजर लावून बसणारा नंदी इथे शोभेची वस्तू झाला आहे.

तरी हे नुसते विडंबन म्हणून सोडून देता येत नाही, कारण घर देखणे आहे. प्रमाणबद्धता अशी की उसनवारी विसरायला होते. अडचण नेमकी तिथेच आहे.

मालकीचा इतिहास मात्र विसरू देत नाही. 1795 साली ही जहागीर कर्नल जॉन कॉकरेलने घेतली, बंगालमधल्या नोकरीनंतर. 1798 मध्ये तो वारला आणि ती भाऊ चार्ल्सकडे आली. चार्ल्सचा पैसा कंपनीच्या चाकरीतला आणि कलकत्त्याच्या पेढीतला. त्याने तिसऱ्या भावाकडून, म्हणजे सॅम्युअलकडून, 1805च्या सुमारास आजचे घर उभे करवले. 1807 मध्ये इंग्लंडचा युवराज ते पाहून गेला. पुढे ब्रायटनचा त्याचा राजवाडाही घुमटांनी सजला. 1884 साली कॉकरेल घराण्याने सेझिनकोट डगडेलांना विकले, 1944 साली ते क्लाइनवॉर्ट या बँकवाल्या घराण्याकडे गेले. सावकारी पैशाने उभे राहिलेले घर सावकारांकडेच परत आले, हा योगायोग मला घुमटापेक्षा बोलका वाटतो. घुमट तांब्याचा. तो आता हिरवा पडला आहे, आणि पर्यटक फोटो काढतात तो त्याचाच.