समुद्रकांठचीं गांवें आणि परतून जाणारा प्रवासी

मराठी दिवाळी अंकांतून आणि वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पानांतून गेल्या कांहीं वर्षांत एका विशिष्ट प्रकारचा लेख वारंवार वाचावयास मिळतो. लेखक पंधरा-वीस वर्षांपूर्वी मुरूडला, हर्णैला किंवा दिवेआगरला गेलेला असतो. तेव्हां शेणानें सारवलेल्या पडवींत त्याची पथारी पडली होती, केळीच्या पानावर उकडीचे मोदक मिळाले होते, आणि किनाऱ्यावर त्याच्या पावलांखेरीज दुसरें पाऊल नव्हतें. आतां तो पुन्हां गेलेला असतो. पडवीच्या जागीं दुमजली इमारत उभी आहे, पुळणींत मोटारी रुतल्या आहेत, आणि मोदकांऐवजीं भलतेंच कांहीं तळलें जात आहे. 'पूर्वीचें आतां कांहीं राहिलें नाहीं' हें वाक्य लेखाच्या आरंभीं नसलें तर शेवटीं हटकून असतें. वाचक मान डोलावतो, आणि पुढच्या मे महिन्यांत स्वतः तेथें जाऊन खोली मिळत नाहीं म्हणून यजमानाशीं हुज्जत घालतो.

हें लेखन खोटें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. इमारती झाल्या आहेत, मोटारीहि रुततात. आमचा आक्षेप निराळा आहे. या लेखांत गांवाच्या पंचांगाला तिथी दोनच: लेखक पहिल्यानें गेला ती, आणि पुन्हां गेला ती. पहिल्या तिथीपूर्वी गांवाला जणूं इतिहासच नव्हता, आणि दोन तिथींच्या मध्यें जें जें घडलें तें सारें गांवकऱ्यांच्या लोभानेंच घडलें.

आम्ही परंड्यासारख्या समुद्रापासून दूर असलेल्या गांवीं राहतों, म्हणून यांतील विनोद आम्हांस जरा अधिक जाणवतो. बदल पाहावयाचा तर तो आमच्याकडे कांहीं कमी नाहीं. १६०० सालीं अहमदनगर पडल्यावर मलिक अंबरानें निजामशाहीची गादी ज्या ठिकाणीं हलविली तें हें गांव. ज्या 'मलिक-इ-मैदान' तोफेसाठीं लोक विजापुरास जातात, ती पूर्वी येथल्याच भुईकोटांत होती. ती १६३२ सालीं विजापुरास नेली. परंतु 'पूर्वीचा परंडा राहिला नाहीं' असा लेख कोणा प्रवाशानें लिहिल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. येथें येणारा बहुधा एकदांच येतो, तटावरून फिरतो, उरलेल्या तोफांवर मुलांना बसवून पाहतो आणि वाटेला लागतो. गांव बदललें याचें दुःख व्हावयास तें आधीं आपलें वाटावें लागतें. तीन रात्रींच्या भाड्यांत तें आपलें वाटूं लागतें, ही समुद्राचीच करामत म्हणावयाची.

गांवाला परतून जाण्याचा विषय मराठी वाङ्मयाला नवा नाहीं. दापोली तालुक्यांतील मुरूडच घ्या. सुटीच्या बेतांत हें नांव आज वर असतें. परंतु जुन्या वाचकाला तें ठाऊक झालें धोंडो केशव कर्वे यांच्या 'आत्मवृत्ता'मुळें (१९१५). कर्वेहि परतून जाणारेच. मुंबईस असतांना १८८६ सालीं त्यांनीं 'मुरूड फंड' सुरू केला. मिळवावयास बाहेर पडलेल्या मुरूडकरांनीं गांवच्या सार्वजनिक कामांसाठीं आपल्या प्राप्तींतून कांहीं बाजूस ठेवावें, ही त्यामागील कल्पना. पुढें १८९३ सालीं त्यांनीं विधवेशीं विवाह केला. पत्नीसह गांवीं गेले तेव्हां त्याच गांवानें त्यांच्यावर बहिष्कार घातला. परतलेल्या माणसाला गांव परकें झाल्याचें याहून कडू उदाहरण शोधून सांपडणार नाहीं. पण तेथें गांव बदललें नव्हतें. बदलले होते ते कर्वे, आणि ही गोष्ट त्यांना स्वतःला पुरती ठाऊक होती. आजच्या लेखांत नेमकी हीच जाणीव नसते. वीस वर्षांत लेखकाचा पगार वाढला, पाठ दुखूं लागली, खाटेवांचून झोंप येईनाशी झाली, मुलांना गरम पाण्याचा नळ हवासा झाला. पडवी गेली ती त्याच्याच पाठीसाठीं, हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं.

त्याच मुरूडास १९१३ सालीं जन्मलेले श्री. ना. पेंडसे मुंबईस 'बेस्ट'मध्यें नोकरी करीत दापोलीच्या मुलखाविषयीं लिहीत राहिले. म्हणजे तेहि दुरून पाहणारे, तेहि मनानें पुन्हां पुन्हां परतणारे. तरी 'गारंबीचा बापू' (१९५२) वाचतांना गारंबी कोठें चित्रासारखी टांगलेली दिसत नाहीं. अण्णा खोतांचा दरारा, बापूचा दांडगेपणा, राधेविषयींची गांवची कुजबूज यांतून तें गांव नांदतें. तसेंच गो. नी. दांडेकरांचें. त्यांचा जन्म वऱ्हाडांत परतवाड्यास झालेला. पण 'पडघवली'ची (१९५५) कथा सांगावयाची वेळ आली तेव्हां त्यांनीं ती बाहेरून आलेल्या पाहुण्याच्या तोंडीं घातली नाहीं, अंबूवहिनीच्या तोंडीं घातली. गांव ओस पडत चालल्याचें दुःख ज्यानें सांगावयाचें तो माणूस त्यांनीं नीट निवडला. ही केवळ तंत्राची बाब नव्हे. हानि कोणाची झाली या प्रश्नाचें उत्तर त्या निवडींत आहे.

हा प्रश्न न विचारल्यामुळें आजचा लेखक कसा फसतो त्याचें उदाहरण ताजें आहे. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास किनाऱ्यावर चढलें. श्रीवर्धनपासून केळशी, आंजर्लें, हर्णैपर्यंत नारळी-पोफळींच्या वाड्या एका दिवसांत आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी धरावयास पांच-सात वर्षें लागतात. नारळाला बहुधा त्याहून अधिक. त्यानंतर गेलेल्या प्रवाशाला पूर्वीची गर्द सांवली दिसली नाहीं हें खरें. पण ती 'रिसॉर्टवाल्यांनीं' खाल्ली असें त्यानें ठोकून देणें हें निव्वळ अज्ञान होय. कित्येक ठिकाणीं क्रम उलटा आहे. वाडी मोडली, उत्पन्न बुडालें, म्हणून उरलेल्या जागेंत चार खोल्या बांधणें भाग पडलें. दिवेआगरची गोष्ट तर याहून चमत्कारिक. १९९७ सालीं तेथल्या एका वाडींत जमिनींतून सोन्याचा गणेशमुखवटा निघाला आणि गांवाकडे माणसांची रीघ लागली. २०१२ सालीं तो चोरीस गेला आणि रीघ ओसरली. २०२१ सालीं मुखवट्याची पुन्हां स्थापना झाली. ज्या गांवाच्या चुलींचा धूर असा पाहुण्यांच्या येण्याजाण्यावर वरखालीं होतो, त्याला 'शांतता बिघडविली' म्हणून दोष देणारा पाहुणा त्या गर्दींतलाच एक असतो.

मग तक्रार करूंच नये काय? अवश्य करावी, पण ती कोणती हें आधीं ठरवावें. 'माझ्याखेरीज येथें कोणी नसावें' ही तक्रार नव्हे, हा हट्ट आहे. दुसरी तक्रार खरी आहे आणि ती या लेखांत क्वचितच येते: ती पाण्याची. आमच्याकडे वर्षाला तीस इंचहि पाऊस पडत नाहीं, म्हणून आमच्याकडील माणूस परगांवीं गेला कीं आधीं आड पाहतो. दापोलीकडे शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि तरीहि एप्रिल-मे महिन्यांत कित्येक वाड्या-वस्त्यांना टँकरची वाट पाहावी लागते. जांभ्या दगडाची ती जमीन पाणी धरून ठेवीत नाहीं. अगदीं किनाऱ्यालगत तर गोडें पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर जणूं तरंगत असतें. विहिरींतून बेतानें उपसलें तर तें गोड राहतें; अधिक उपसलें कीं समुद्र आंत सरकतो. ज्या विहिरीवर पोफळी जगतात तिच्यावरच पाहुण्यांच्या न्हाणीघरांचा पंप बसतो, आणि मे महिना तर दोघांच्याहि ऐन गरजेचा. पाणी एकदां मचूळ झालें कीं वाडी वाळूं लागते, आणि जी सांवली पाहण्यासाठीं पाहुणे येतात ती त्यांच्याच अंघोळींनीं जाते. आम्ही वाचलेल्या डझनभर लेखांत चायनीजच्या गाडीवर परिच्छेद आहेत, विहिरीवर एक ओळहि नाहीं.

याच किनाऱ्यावर मंडणगड तालुक्यांतील वेळास येथें निराळा प्रकार पाहावयास मिळतो. तेथें समुद्रकासवें अंडीं घालावयास येतात. चिपळूणच्या 'सह्याद्रि निसर्गमित्र' संस्थेनें २००२ सालापासून गांवकऱ्यांच्या साहाय्यानें त्या अंड्यांच्या राखणीचें काम चालविलें, आणि पुढें पिलें समुद्रांत जातांना पाहण्यासाठीं माणसें येऊं लागलीं. उतरावयाचें गांवकऱ्यांच्या घरींच. जेवण ते शिजवितील तें. सकाळ-संध्याकाळ घरट्यांवरच्या टोपल्या उचलून पाहतात. पिलें निघालीं तर निघालीं. कित्येकदां तीं निघत नाहींत, आणि दूरवरून आलेल्या मंडळींस नुसती टोपली पाहून जेवावयास परतावें लागतें. येथें पुन्हां पुन्हां येणारेहि आहेत. त्यांचीं टिपणें बहुधा आंखूड असतात आणि त्यांत पूर्वीच्या शांततेचे उसासे कमी असतात. यंदा मादी किती उशिरां आली, भरती किती वर चढली, गेल्या वर्षीं ज्यांच्या घरीं उतरलों त्यांच्या मुलानें मुंबईची नोकरी सोडली कीं नाहीं, अशी माहिती मात्र त्यांत असते. वाङ्मय म्हणून तीं सामान्य असतील. आमच्या मासिकाकडे तसलें एखादें टिपण आलें तर पहिल्या प्रकारच्या चार लेखांच्या आधीं आम्ही तें छापूं.