'विरेचन' आणि वैद्याचा मुलगा

ॲरिस्टॉटलच्या 'काव्यशास्त्रा'तील 'कॅथार्सिस' या संज्ञेला मराठी समीक्षेत 'विरेचन' हा पर्याय रूढ झाला. आयुर्वेदाच्या पंचकर्मांपैकी हे एक कर्म : वाढलेला दोष रेचकाने शरीराबाहेर काढणे. पर्यायाबरोबर एक संपूर्ण भूमिकाही आली. प्रेक्षक हा रुग्ण, करुणा व भय हे दोष आणि शोकात्मिका हे औषध. याकोब बेर्नाइसने १८५७ साली आग्रहाने मांडलेला वैद्यकीय अर्थ असा शब्दातूनच गृहीत धरला गेला.

या अर्थाला चरित्राचा आधार दिला जातो. इ.स.पू. ३८४ मध्ये स्टॅगिरा येथे जन्मलेल्या ॲरिस्टॉटलचे वडील निकोमाकस हे मॅसिडोनियाच्या राजाचे वैद्य होते. 'राज्यशास्त्रा'च्या आठव्या भागात उन्मादक संगीताचा परिणाम सांगताना त्याने वैद्यकीय उपचाराची उपमा योजली आहे, हेही खरे. परंतु संज्ञेचे अधिक स्पष्टीकरण काव्यविवेचनात करण्याचे जे आश्वासन तो तेथे देतो, ते उपलब्ध 'काव्यशास्त्रा'त पुरे झालेले नाही. सहाव्या प्रकरणातील व्याख्येत ही संज्ञा एकदा येते. सतराव्यात येते ती ओरेस्टीसच्या शुद्धिविधीपुरती. एवढ्या पुराव्यावर अख्खे रुग्णालय उभारणे धाडसाचेच म्हटले पाहिजे.

शिवाय चरित्र साक्षीला काढायचे, तर ते पुरते काढावे. वैद्याचा हा मुलगा सुमारे वीस वर्षे प्लेटोच्या अकादमीत होता आणि पुढे लेस्बॉस बेटावर जलचरांचे निरीक्षण करीत होता. क्षुद्र वाटणाऱ्या प्राण्यांच्या अभ्यासातही आनंद असतो, असे त्याने प्राणिशास्त्रीय लेखनात आवर्जून सांगितले आहे. 'काव्यशास्त्रा'च्या चौथ्या प्रकरणात हाच विचार येतो : जे प्रत्यक्षात पाहवत नाही त्याची अनुकृती माणूस आनंदाने पाहतो, कारण पाहताना त्याला काही उमगते.

'विरेचना'ची खरी अडचण प्लेटोच्या संदर्भात उघड होते. काव्य भावनांना खतपाणी घालते, हा 'रिपब्लिक'मधील आक्षेप. त्यावर 'काव्य भावना बाहेर टाकते' एवढेच उत्तर असेल, तर भावना म्हणजे विकार हे प्लेटोचे गृहीतक ॲरिस्टॉटलने मान्य केले असे होईल. 'नीतिशास्त्रा'त तर तो भय व करुणा योग्य वेळी, योग्य प्रमाणात वाटणे हाच सद्गुणाचा भाग मानतो. मार्था नुसबॉम यांनी १९८६ मध्ये 'कॅथार्सिस'चा अर्थ भावनांद्वारे होणारे स्पष्टीकरण असा लावला, तो याच दिशेने. त्या अर्थालाही संगीतावरील उपचाराची उपमा सहज पचत नाही, हे मात्र नोंदवले पाहिजे. मराठीत 'शोधन' हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा : त्यात शुद्ध करणे आहे, आणि शोधणेही.