‘झिंगाट’नंतरची शांतता

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ साली आला आणि अजय-अतुल यांच्या ‘झिंगाट’वर गावोगावच्या वराती नाचल्या. त्या तालात चित्रपटाचे म्हणणे हरवले, असे आम्हांस वाटते. वर्गात हटकणाऱ्या प्राध्यापकाच्या थोबाडीत पुढाऱ्याचा मुलगा मारतो. शिक्षणावरील आपल्या भाबड्या श्रद्धेला सत्तेने दिलेली ती चपराक होय. अखेरीस रक्ताने माखलेली चिमुकली पावले उमटू लागतात, तेव्हा संगीतच काय, सारा ध्वनीच थांबतो. गाण्यांनी ज्यांना नाचवले, त्यांनाच ही शांतता विचारते: तुमच्या लेकीने जातीबाहेरचा जोडीदार निवडला तर? आपल्या मुलांसमवेत हा चित्रपट अवश्य पाहावा. मात्र ‘झिंगाट’पाशी थांबू नये.