वंशावळीतील शिपाई : शिरूर अनंतपाळच्या निमित्ताने प्रमाणविचार

वंशावळ हे मुख्यत्वे हक्काचे साधन आहे, हे ध्यानात न घेता अलीकडे तिजकडून शिपायाच्या चाकरीचा पुरावा मागितला जातो. एखाद्या घराण्यातील कोणी पूर्वज पहिल्या महायुद्धात इराकात खपल्याची आख्यायिका असते. मग युद्धस्मारकाच्या नोंदींत त्याच नावाचा शिपाई सापडतो आणि दोहोंची सांगड घातली जाते. नोंदी आता घरबसल्या पाहता येतात, त्यामुळे ही सांगड एका दुपारचे काम झाले आहे. ती कितपत टिकते, एवढाच येथे प्रश्न आहे. उदाहरणासाठी शिरूर अनंतपाळ हे गाव घेतो, कारण प्रमाणविचाराच्या बहुतेक सर्व अडचणी या एका ग्रामनामात एकवटल्या आहेत.

प्रथम वंशावळीविषयी. ती लिहिली जाते वाटणीसाठी, वतनासाठी, दत्तविधानाच्या तंट्यासाठी. ज्याच्यापासून पुढे हक्क चालतो त्याची रेघ खाली ओढली जाते. ज्याचा वंश खुंटला त्याच्या नावापुढे 'निसंतान' असा शेरा पडतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या नकलेत ते नावही गळते. आता, विशीच्या आत-बाहेर पलटणीत गेलेला आणि लेकरू होण्यापूर्वीच परमुलखात मेलेला तरुण कोणत्या वर्गात मोडतो? म्हणजे ज्या माणसाचा आपण शोध करतो, त्यालाच गाळून टाकणे हा या साधनाचा स्वभाव. तस्मात् वंशावळीत नाव नाही म्हणून तो माणूस नव्हताच असे म्हणता येत नाही. उलट, नाव आहे आणि त्याखाली चार पिढ्यांचा विस्तारही आहे, तर तो पुरुष तरुणपणी अविवाहित खपला ही आख्यायिकाच संशयास्पद ठरते.

दुसरे साधन स्मारकाची नोंद. तिची योग्यता निःसंशय मोठी. परंतु तीही निर्दोष नाही. १९२९ साली उभारलेल्या बसरा येथील स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची दखल घेतली आहे. तेथे हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या शिपायांची मात्र पलटणीवार संख्याच दिली. उलट फ्रान्सात न्यूव्ह शापेल येथील १९२७ च्या स्मारकावर चार हजार सातशेंहून अधिक हिंदी मृतांची नावे आहेत. एकाच राज्याच्या सेवेत मेलेल्यांत हा भेद का, याची चौकशी करणाऱ्या राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या समितीने २०२१ च्या अहवालात असे मान्य केले, की ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण विषमतेने झाले, आणि निदान १,१६,०००, कदाचित ३,५०,०००, मृतांची नावाने दखल घेतलीच गेली नाही. तेव्हा नोंदीत नाव नसणे हाही अभावाचा पुरावा नव्हे. दोन्ही साधने एकाच माणसाविषयी मौन धरू शकतात.

आता गाव. शिरूर नावाची गावे महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत, कर्नाटकातही आहेत. लातूर जिल्ह्यातच शिरूर ताजबंद आहे, बीडमध्ये शिरूर कासार आहे, आणि पुणे जिल्ह्यातील घोडनदीचे शिरूर तर इंग्रजांची छावणी म्हणून प्रसिद्ध. कोरेगावच्या लढाईसाठी ३१ डिसेंबर १८१७ रोजी फौज निघाली ती तेथूनच. लष्करी कागदात नुसते 'सिरूर' आढळले तर प्रथम त्या छावणीकडे पाहावे. 'अनंतपाळ' हे उपपद सैनिकी कारकुनाने लिहिले असेल अशी अपेक्षा करू नये. कोरेगावच्या जयस्तंभावरील 'नाक' प्रत्ययान्त नावांत शिपायाचे व बापाचे नाव जोडून येते, त्यावरून कुळाचा तर्क होतो, गावाचा होत नाही. येथे नेमका उलटा प्रकार: गाव सापडते, पण ते कोणते, हे ठरत नाही.

जिल्ह्याचे नावही फसवे आहे. निलंगा-उदगीरचा हा टापू निजामाच्या राज्यात बीदर जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो उस्मानाबादकडे आला आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा निराळा झाला. १९१६ च्या नोंदीत 'लातूर जिल्हा' शोधणारा रित्या हातांनी परत येईल, आणि बीदरचा म्हणून कानडी मुलखातला ठरवून आपलाच माणूस टाकून देईल. मला ही चूक सर्वांत घातक वाटते, कारण ती निष्काळजीपणातून नव्हे, सावधपणातून घडते.

पलटणीच्या नावात एक उत्तम कसोटी आहे. कुतच्या वेढ्यात (७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६) १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. १९२२ च्या पुनर्रचनेत त्या पाचव्या मराठा रेजिमेंटच्या अनुक्रमे पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या पलटणी झाल्या. यास्तव १९१६ साली खपलेला पूर्वज 'पाचव्या मराठ्यात' होता असे टिपण आढळले, तर ते १९२२ नंतरच्या हाताने लिहिले आहे, हे निश्चित समजावे. संस्कृत ग्रंथांतील प्रक्षेप आपण याच न्यायाने ओळखतो. दुसरा घोटाळा 'हैदराबाद' शब्दाचा. निजामाची स्वतःची फौज निराळी, तिचे लान्सर १९१८ साली पॅलेस्टाइनमध्ये होते. इंग्रजांच्या अमलाखालील 'हैदराबाद कंटिंजंट' निराळी. तिच्या पायदळ पलटणींची १९२२ मध्ये एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट झाली, आणि १९४५ मध्ये तिचेच नाव कुमाऊँ रेजिमेंट पडले. आजोबा हैदराबाद पलटणीत होते, एवढ्यावरून ते निजामाचे चाकर होते असे सिद्ध होत नाही.

कालगणनेतही जपावे. निजामी कागद फसली सनाचे. त्यात ५९० मिळविले की ख्रिस्ती सन येतो, हा शाळेतला नियम अपुरा आहे, कारण तेथील फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होई. कुत पडले ते शके १८३८ मध्ये, फसली १३२५ मध्ये. नुसते ५९० मिळविणारा १९१५ वर येतो आणि वेढा सुरू होण्याचा व सुटण्याचा काळ एक करून बसतो.

घरातील श्राद्धतिथीकडे मात्र संशोधकांचे लक्ष जावे तितके गेलेले नाही. भाद्रपद वद्य चतुर्दशीस शस्त्रादिकांनी मेलेल्यांचे श्राद्ध करण्याची शास्त्राज्ञा आहे. एखादे कुळ एका पूर्वजाचे पक्षश्राद्ध याच तिथीस पिढ्यानुपिढ्या करीत असेल, तर तो अंथरुणावर मेला नाही, एवढे बहुधा कळते. एवढेच, कारण बुडून, पडून वा सर्पदंशाने मेलेलेही त्याच तिथीत येतात. ज्याचा देह मिळाला नाही त्याच्यासाठी पालाशविधी सांगितला आहे. आणि ज्याची वार्ताच नाही त्याची बारा वर्षे वाट पाहण्याचाही नियम आहे. अशा घरी पाळली जाणारी तिथी मृत्यूची नसून विधीची असू शकते. ती नोंदीतील तारखेशी जुळत नाही म्हणून आख्यायिका खोटी ठरविणे अन्याय्य होय. कुतच्या कैद्यांपैकी पुष्कळ वाटेवर व बंदिवासात मेले. त्यांच्या घरी तारीख कोठून कळणार?

अशा स्थितीत यशवंत घाडगे यांच्यासारखे उदाहरण विरळा. १० जुलै १९४४ रोजी इटलीत पाचव्या मराठा रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीतील हे नाईक पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, म्हणून गाव, तालुका, पराक्रम सारे अधिकृत लेखात आले. थडगे मात्र त्यांचेही नाही. नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. ज्यांना पदक मिळाले नाही त्यांच्या वाट्यास ही निश्चिती येत नाही.

माझ्या मते बापाचे नाव, गाव व तालुका, पलटणीचा तत्कालीन क्रमांक, यांपैकी तिन्ही जुळल्याशिवाय ओळख छापू नये. दोन जुळल्यास 'संभव' म्हणावे. तिसरा दुवा बहुधा विधवेच्या वा मातेच्या पेन्शनीच्या कागदात मिळेल, जिचे नाव वंशावळीत नाही. तोही नसल्यास नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्यात. त्यांत गाववार, कुळवार नावे असतात, भाऊबंदांसकट, आणि यात्रेस आलेला निपुत्रिक भाऊही तेथे वगळलेला नसतो.